जीपचे हँडल का थरथरते? कारण शोधण्याची सोपी रीत



या पत्रिकेत ऊस विकास विभागाकडून बेणे, लागण, खत, खोडवा या विषयांवर लिहिण्याचा प्रघात आहे. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. नोंदीसाठी आणि प्लॉट पाहणीसाठी गावोगाव फिरताना पुष्कळ सभासदांच्या गोठ्याशेजारी जुनी जीप उभी दिसते. कोणाची वडिलांच्या वेळची, कोणी पुढे हौसेने घेतलेली. उसाची बोलणी संपली, चहा झाला की प्रश्न येतो, "साहेब, गाडी पन्नासच्या पुढं गेली की हँडल लई नाचतंय. टायर बदलले, तरी तेच. आता काय करावं?"

हा प्रश्न एकदोघांचा नाही, म्हणून तो सविस्तर घेणे योग्य वाटले. आपला मुळशी तालुका पावसाचा. पश्चिमेकडे भातखाचरे, ओढे आणि घाटरस्ते, तर पूर्वेकडे हिंजवडी-पिरंगुटची वर्दळ. एकच गाडी सकाळी चिखलातून निघते आणि दुपारी डांबरी रस्त्यावर साठच्या वेगाने धावते. अशा गाडीच्या पुढच्या चाकांची आणि सांध्यांची झीज लवकर होते. पौडहून ताम्हिणीकडे जाताना वळणावर हँडल हातातून सुटू पाहू लागले, तर ते नुसते गैरसोयीचे राहत नाही, गाडीतल्या माणसांच्या जिवाशी गाठ पडते. सबब हे लिखाण नीट वाचावे आणि घरातील गाडी चालवणाऱ्यासही वाचून दाखवावे.

जीप आपल्याकडे कशी आली

दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीची जीप अमेरिकन सैन्याने जगभर वापरली. १९४५ साली महिंद्र अँड महम्मद ही कंपनी निघाली. पुढे १९४८ मध्ये ती महिंद्र अँड महिंद्र झाली. विलीज जीपची जुळणी व उत्पादन याच कंपनीने आपल्या देशात केले. त्या घडणीच्या गाड्या आणि त्यांच्यावरून सुधारत गेलेली मॉडेले अनेक वर्षे खेड्यापाड्यांतून धावली. त्यांच्या पुढच्या बाजूस दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध एक्सल असतो, आणि तो पाट्यांवर यू बोल्टने बांधलेला असतो. ही रचना बैलगाडीच्या कण्यासारखी दणकट आहे. पण तिचा एक स्वभाव आहे. एका चाकाला बसलेला धक्का एक्सलवाटे दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. म्हणून अशा गाडीत हँडल थरथरण्याची तक्रार जास्त आढळते.

तक्रार एक, रोग अनेक

ऊस पिवळा पडला की काहीजण लगेच युरियाची पिशवी फोडतात. पण पिवळेपणा नत्राच्या कमतरतेचा असेल, लोहाच्या कमतरतेचा केवडा असेल, नाहीतर मुळाशी पाणी साचलेले असेल. कारण न पाहता खत टाकले तर खतही जाते आणि पीकही जाते. जीपचेही तसेच आहे. आधी लक्षण नीट पाहावे. ते पुढीलप्रमाणे ओळखावे.

(१) गाडी ठराविक वेगाला, समजा ५५ ते ७०च्या दरम्यान, बारीक थरथरते आणि वेग कमी-जास्त केला की थांबते. येथे पहिला संशय चाकाच्या तोलावर घ्यावा. टायर, रिम, चिकटलेला चिखल किंवा पडलेले शिशाचे वजन हे पाहावे.

(२) गाडी नीट चालते, पण खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की पुढची चाके एकदम डावी-उजवी जोराने फडफडू लागतात आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय थांबत नाहीत. हे सर्वांत धोक्याचे लक्षण. येथे सांध्यांत खेळ पडलेला असतो किंवा एक्सलचा कोन बिघडलेला असतो. पुष्कळदा दोन्ही असते.

(३) अगदी हळू, १५-२० च्या वेगाला हँडल डावी-उजवी डुलते. वाकलेली रिम, फुगा आलेला टायर किंवा सैल झालेली किंगपिन पाहावी.

(४) फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरते. ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क वाकडी झाली असण्याचा संभव असतो.

(५) हँडल शांत, पण बूड आणि फरशी थरथरते. मग मागची चाके किंवा प्रोपेलर शाफ्ट व त्याचे क्रॉस पाहावेत.

(६) गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटर दिला तरी थरथरते. हा चाकांचा दोष नव्हे. इंजिनाची रबरी बैठक पाहावी.

(७) गाडी थरथरत नाही, पण रस्त्यावर इकडे-तिकडे भरकटते आणि सारखे हँडल सावरावे लागते. हा प्रकार निराळा, पण कारणे बरीचशी तीच. म्हणजे खेळ, सैल यू बोल्ट आणि चुकीचे अलाइनमेंट.

मेकॅनिककडे जाण्यापूर्वी या सातांपैकी आपली गाडी कशात बसते ते ठरवून जावे. "गाडी नाचते" एवढेच सांगितले तर मेकॅनिक अंदाजाने एकेक वस्तू बदलत बसतो, आणि बिल आपले वाढते.

चाक फडफडते म्हणजे काय होते

दवाखान्यातील ढकलगाडीचे पुढचे छोटे चाक आपण पाहिले असेल. गाडी हळू ढकलली तर ते निमूटपणे मागोमाग येते. जोरात ढकलली, आणि त्याची खीळ सैल असली, की ते फडफड हलू लागते. जीपच्या पुढच्या चाकाचे तेच आहे. ज्या खिळीवर चाक वळते ती किंगपिन जरा मागे कललेली असते. या कलण्याला कॅस्टर म्हणतात. जुन्या विलीज घडणीच्या जीपला तो सुमारे तीन अंश असतो. त्यामुळेच वळण संपल्यावर हँडल आपोआप सरळ होते.

आता समजा सांध्यांत खेळ आहे. धक्क्याने चाक थोडे उजवीकडे गेले. कॅस्टर त्याला मागे ओढतो, पण खेळ असल्यामुळे ते मधे न थांबता डावीकडे निघून जाते. पुन्हा ओढ, पुन्हा उजवीकडे. पाळण्याला वेळेवर बोट लावले तरी झोका जसा वाढत जातो, तसा हा झोका वाढतो, आणि त्याला बळ मिळते ते गाडीच्या वेगातून. म्हणून वेग उतरेपर्यंत तो थांबत नाही. घट्ट गाडीत तोच धक्का एका हेलकाव्यात जिरून जातो. तेव्हा खड्डा हे निमित्त, खरे कारण खेळ, हे पक्के ध्यानात ठेवावे.

पायरी पहिली : बिनखर्चाची तपासणी

चिखल धुवावा. हे फारच साधे वाटेल, पण आपल्या भागात पावसाळ्यात हेच कारण वारंवार आढळते. खाचरातून गाडी काढली की रिमच्या आतल्या बाजूस चिखल बसतो, तो बाहेरून दिसत नाही आणि वाळला की सिमेंटासारखा धरतो. हिशेब करून पाहा. जीपच्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सातहून जास्त फेरे घेते. रिमला मध्यापासून वीतभर अंतरावर फक्त १०० ग्रॅम चिखल एका बाजूला चिकटला असेल, तर त्या वेगाला तो सुमारे साडेचार किलोचा ओढा देतो, आणि तोही दर फेऱ्याला दिशा बदलून. वेग निम्मा केला तर ओढा चौथाईवर येतो. म्हणूनच गाडी तीसला शांत आणि साठला बेजार असते. तेव्हा चाकाच्या आतून पाण्याचा फवारा मारावा, लाकडी काडीने चिखल काढावा आणि मग गाडी चालवून पाहावी. उसाचे पाचट किंवा तार हबभोवती गुंडाळली आहे का तेही बघावे.

हवा मोजावी. दोन्ही पुढच्या टायरांत सारखी हवा हवी. खाचरात उतरताना हवा कमी केली असेल तर डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. अंदाजाने लाथ मारून हवा कळत नाही, गेज लावावे.

चाकाचे नट आवळावेत. एकाआड एक, समोरासमोरचे, या क्रमाने आवळावेत. नटाभोवती गंजाची लाल रेघ उतरलेली दिसली तर तो नट सैल होता असे समजावे. जुन्या विलीज घडणीच्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेला माणूस सोडायला म्हणून जोर लावतो आणि बोल्ट तोडतो.

टायरवरून हात फिरवावा. कुठे फुगा, कुठे खोलगट, करवतीच्या दातासारखी झीज लागते का पाहावे. करवती झीज असली तर अलाइनमेंट किंवा सांधे बिघडलेले आहेत. फुगा असेल तर तो टायर त्याच दिवशी काढावा. गाडी महिना-दोन महिने एकाच जागी उभी असेल तर नायलॉनच्या टायरला बुडाशी चपटेपणा येतो. काही किलोमीटर चालून टायर गरम झाला की तो बहुधा जातो. तेवढ्यासाठी खर्चात पडू नये.

शेवटी आठवून पाहावे की तक्रार केव्हापासून सुरू झाली. टायर बदलल्यावर? पाटे दुरुस्त केल्यावर? गाडी ओढ्यात आदळल्यावर? जे काम शेवटी झाले तिथे पहिली नजर टाकावी.

एवढे करून पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहावीत. थरथर हँडलातून बुडाखाली गेली, तर दोष चाकांत आहे. मग रिम-टायर तपासून बॅलन्सिंग करून घ्यावे. हँडल तसेच नाचत राहिले, तर पुढे जावे.

पायरी दुसरी : दोन माणसांची तपासणी

गाडी सपाट जागेवर, चारही चाके जमिनीवर ठेवून उभी करावी. हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. एका माणसाने वर बसून हँडल थोडे डावी-उजवी, मटमट आवाज येईल असे हलवत राहावे. दुसऱ्याने पुढून खाली वाकून पाहावे. गाडी पॉवर स्टिअरिंगची असेल तर इंजिन चालू ठेवावे लागते. अशा वेळी गिअर न्यूट्रलमध्येच असावा आणि खालच्या माणसाने पंख्यापासून व पट्ट्यापासून हात दूर ठेवावेत.

पाहण्याचा क्रम हँडलाकडून चाकाकडे ठेवावा. पाटाचे पाणी कुठे फुटले हे आपण जसे मुखापासून चालत जाऊन शोधतो, तसेच हे काम आहे. हँडलाचा दांडा फिरला, पण बॉक्सचा आर्म लगेच फिरला नाही, तर खेळ बॉक्समध्ये. सारा बॉक्सच चेसिसवर हलतो आहे, तर बॉक्सचे बोल्ट सैल किंवा चेसिसला तडा. आर्म हलला, पण ड्रॅग लिंक उशिरा हलली, तर त्यांच्यामधला सांधा गेला. जुन्या विलीज घडणीत मध्यभागी बेल क्रँक नावाचा तुकडा असतो. ड्रॅग लिंकची ओढ तो दोन टाय रॉडना वाटून देतो. त्याच्या पिनेत झीज झाली की दोन्ही चाकांना एकदम खेळ मिळतो, म्हणून ती पिन मुद्दाम तपासावी. त्यानंतर टाय रॉडचे एकेक टोक पाहावे.

प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवावीत. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटाला कळतो. दोन भाग एकदम हलले तर सांधा चांगला. एक आधी, दुसरा मागून "टक्" करून हलला, तर तो सांधा बदलण्यास आला. बॉल जॉइंट वेल्डिंग करून किंवा हातोडीने ठोकून घट्ट करणे हा उपाय नव्हे. असा सांधा घाटात निसटला तर हँडल फिरेल पण चाक वळणार नाही. नवीन सांधा बसवल्यावर त्याच्या नटाची कॉटर पिन नवीच घालावी. जुनी सरळ करून पुन्हा घालू नये.

पायरी तिसरी : चाक उचलून तपासणी

एक्सलखाली जॅक लावून एक पुढचे चाक उचलावे आणि लगेच भक्कम लाकडी ठोकळा किंवा घोडी एक्सलखाली सरकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. विटा रचून तर मुळीच नाही. वीट एकदम फुटते.

आता चाकाला वरून आणि खालून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६च्या जागी धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला, तर तो चाकाच्या बेअरिंगचा. खेळ तसाच राहिला, तर तो किंगपिनचा. बैलगाडीच्या तुंब्यात झीज झाली की चाक डगमगते, तोच हा प्रकार. त्यानंतर ३ आणि ९च्या जागी धरून हलवावे. येथे खेळ लागला आणि वर-खाली नव्हता, तर टाय रॉडच्या सांध्यांकडे परत जावे.

चाकाचे बेअरिंग सैल असेल तर आधी उघडून, धुऊन पाहावे. ओढ्याच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत ग्रीसमध्ये पाणी शिरते आणि ग्रीस दुधासारखे पांढरट होते. असे ग्रीस पूर्ण काढून टाकावे. त्यावरच नवे भरू नये. बेअरिंगवर काळे-निळे डाग किंवा खड्डे असतील तर बेअरिंग आणि त्याची कप अशी जोडीच बदलावी. बसवताना चाक जड फिरेपर्यंत नट आवळून मग तो साधारण एक षष्ठांश फेरा मागे सोडायचा आणि लॉक करायचा, अशी जुन्या जीपची रीत आहे. अति घट्ट बेअरिंग तापून जळते, सैल बेअरिंग चाक डुलवते.

किंगपिनच्या बेअरिंगांना जरा दाब असावा लागतो. तो वरच्या-खालच्या झाकणाखालील पातळ शिमच्या चकत्या कमी-जास्त करून ठेवतात. चकती काढली की दाब वाढतो. टाय रॉड सोडून, आर्मला स्प्रिंगकाटा लावून तो दाब मोजतात. आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तकात दिलेला असतो, तोच धरावा. पुष्कळदा असे होते की तेल गळते म्हणून सील बदलायला गाडी उघडतात आणि जोडताना चकत्यांचा हिशेब राहत नाही. सीलचे काम झाल्यावर गाडी फडफडू लागली तर येथेच पाहावे.

चाक उचललेलेच असताना ते हाताने फिरवावे आणि रिमच्या कडेजवळ विटेवर काडी टेकवून धरावी. काडी आणि रिम यांमधले अंतर फिरताना दोन-तीन मिलिमीटरहून जास्त बदलत असेल तर रिम वाकलेली आहे. वाकड्या रिमला बॅलन्सिंग करून उपयोग नाही. वजनाने तोल येतो, वाकडेपणा जात नाही.

पायरी चौथी : पाटे, यू बोल्ट आणि कोन

सांधे आणि बेअरिंगे ठीक असूनही तक्रार असेल, तर एक्सल जागेवर आहे का ते पाहावे. यू बोल्ट सैल झाले की एक्सल पाट्यावर सरकतो आणि पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजावे. चाके सरळ असताना दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. शॅकलचे बुश टॉमी घालून हलवून पाहावेत. नवे पाटे बसवल्यावर शे-दोनशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळण्याचे बरेचजण विसरतात. ते विसरू नये.

गाडी उंच दिसावी म्हणून काही तरुण सभासद लांब शॅकल टाकतात, पाट्याची पाने वाढवतात, रुंद टायर आणि स्पेसर लावतात. जुन्या जीपमध्ये पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असते. ते लांब केले की एक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. चाकाला सरळ ठेवणारी ओढच कमी झाली, तर गाडी भरकटते आणि फडफडते. स्पेसरमुळे चाक बाहेर जाते आणि प्रत्येक धक्क्याला जास्त तरफ मिळते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, हेही ध्यानात असावे. कॅस्टर कमी झालाच असेल तर पाटा आणि एक्सल यांमध्ये पाचरीसारखी तिरपी शिम घालून तो दुरुस्त करता येतो. पण हे काम कोन मोजणाऱ्या गेजनेच करावे, डोळ्याने नव्हे. पाचर उलटी बसली तर रोग दुप्पट होतो.

राहिले टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचे पुढले अंतर मागल्यापेक्षा किंचित कमी ठेवणे. विलीज घडणीच्या जीपला ते सुमारे एक ते अडीच मिलिमीटर असते. अलाइनमेंट हे नेहमी शेवटचे काम. सांध्यांत खेळ असताना अलाइनमेंट करणे म्हणजे वाफा न बांधता पाणी सोडणे होय. यंत्रावर आलेला आकडा गाडी दाराबाहेर पडताच बदलतो.

डॅम्पर हे औषध नव्हे

एका सभासदाच्या जीपचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. भातलावणीनंतर गाडी पन्नासला नाचू लागली. प्रथम दोन टायर घेतले, मग बॅलन्सिंग केले. तरी फरक पडेना, म्हणून स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलाचा आडवा शॉकअप बसवला. महिनाभर बरे गेले. पुढे एका मोरीवर धक्का बसला आणि गाडी पूर्वीपेक्षा जोराने फडफडली. गाडीत मागे दुधाचे कॅन आणि शाळेची दोन मुले होती. समोरून वाहन नव्हते म्हणून निभावले. नंतर चाक उचलून वरील तपासणी केली, तेव्हा एका बाजूची किंगपिन बेअरिंग कोरडी पडून झिजलेली आणि टाय रॉडचे एक टोक सैल निघाले. त्या दोन वस्तूंचा खर्च आधीच्या टायरांच्या खर्चापुढे काहीच नव्हता.

डॅम्पर वाईट नाही. कंपनीने दिला असेल तर तो चांगला असावाच. पण तो धक्का जिरवतो, खेळ भरून काढत नाही. ताप आला म्हणून नुसती गोळी घेत राहावे आणि आतली गाठ वाढू द्यावी, तसे होते. म्हणून आधी खेळ काढावा, मगच डॅम्परचा विचार करावा.

नव्या गाड्यांविषयी

नव्या थारच्या पुढच्या चाकांना एकसंध एक्सल नाही. दोन्ही चाके स्वतंत्र हलतात. अशा गाडीत किंगपिनऐवजी वरचे-खालचे बॉल जॉइंट आणि कंट्रोल आर्मचे बुश पाहावेत. २०२३ मध्ये आपल्याकडे विक्रीस आलेल्या जिम्नीला मात्र पुढे एकसंध एक्सलच आहे, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहे. तिथे एक्सलला आडवे धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड असतो. त्याचा बोल्ट सैल झाला किंवा बुश गेला की गाडी तशीच फडफडू शकते. रचना बदलली तरी रीत तीच आहे. आधी चाक, मग सांधे, मग बेअरिंगे, शेवटी कोन.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द

हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके डुलताना आपण रोज पाहतो. तिथेही १२-६ आणि ३-९ची तपासणी लागू आहे. त्याखेरीज पुढच्या एक्सलची मधली पिन आणि तिचा बुश पाहावा. ट्रॉली मागे जास्त भरली की भार हुकवर येतो आणि ट्रॅक्टरचे तोंड हलके होते. हलक्या तोंडाचे चाक रस्ता धरत नाही, ते डुलणारच. तेव्हा ऊस ट्रॉलीत सारखा पसरून भरावा, क्षमतेबाहेर भरू नये आणि पुस्तकात सांगितलेली पुढची वजने काढून ठेवू नयेत.

रस्त्यातच गाडी फडफडू लागली तर

हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरावे, पण त्याच्याशी कुस्ती करू नये. अंगठे हँडलाच्या आत अडकवू नयेत. झटका बसला तर अंगठा दुखावतो. अॅक्सिलरेटर सोडावा, ब्रेक हळूहळू दाबावा, गाडी सरळ ठेवून डाव्या बाजूला थांबवावी. एकदम जोराने ब्रेक मारू नये, वेग वाढवून फडफड "पार करण्याचा" प्रयत्न तर कधीच करू नये. थांबल्यावर चाकाचे नट आणि टाय रॉड डोळ्यांखालून घालावेत. काही सुटलेले दिसले तर गाडी तिथेच ठेवून मेकॅनिक बोलवावा. एकदा जोराने फडफडलेली गाडी कारण सापडेपर्यंत घाटात नेऊ नये आणि तीत माणसे बसवू नयेत.

वर्षातून तीन वेळा

पंचांगात जशी कामे ठरलेली असतात तशी गाडीचीही ठरवावीत. मृगाआधी सर्व निपलांना ग्रीस मारून यू बोल्ट आवळावेत. भातलावणी संपल्यावर चाके आतून धुवावीत, बेअरिंगचे ग्रीस उघडून पाहावे. दसऱ्याला गाडीची पूजा आपण करतोच. त्याच्या आदल्या दिवशी चाक उचलून १२-६ची तपासणी करावी, म्हणजे गाळप हंगामाला गाडी तयार राहील. या तिन्ही कामांना मिळून एक दिवससुद्धा लागत नाही.

उसाच्या फडात आपण पानावरचा एक ठिपका पाहून रोग ओळखतो. तीच नजर गाडीच्या पुढच्या चाकांकडे वळवावी, एवढीच विनंती आहे. ज्या सभासदांना ही तपासणी समक्ष पाहावयाची असेल त्यांनी आपल्या गटाच्या ऊस मदतनीसाकडे नाव द्यावे. नावे आली की गटवार एक दिवस ठरवून जीप आणि ट्रॅक्टर उभे करून हे सारे करून दाखवू. येताना गाडी चालवणाऱ्यास सोबत आणावे.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी